दादाच्या नावावर नको, दादासाठी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी छाटली आहे, भाषा मात्र आहे तशीच ठेवली आहे.)

 

आजचा भाग पैशांचा आहे, पण कुठला म्युच्युअल फंड घ्यावा, सोनं चढणार की पडणार, असलं काही नाही. आज घरातलं सांगणार आहे. मागे एकदा बोलता बोलता मी माझ्या भावाचा उल्लेख केला होता. त्यानंतर जे मेसेज आले त्यात एक प्रश्न फिरून फिरून येत होता. "ताई, आमच्याकडंपण असा भाऊ आहे. आई-बाबांनंतरचं तुम्ही काय ठरवलंय?"

ठरवलंय. पूर्ण नाही, बरंचसं. ते कसं ठरलं, तेच सांगते. मी वकील नाही आणि सीएपण नाही, त्यामुळे कागद करायच्या वेळी तुमचा माणूस गाठायचाच. पण त्याच्याकडं जाऊन काय विचारायचं हे तरी आपल्याला माहीत पाहिजे ना? आम्हाला तेच माहीत नव्हतं.

सुरुवात एप्रिल २०२१ ला झाली. बाबा साताऱ्यात ऑक्सिजनवर. आई घरातच, पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत बंद. मी पुण्याहून पास काढून घरी पोचले, कारण दादाकडं बघायला कुणी नव्हतं. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आज चौतीस वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. बोलतो, हसतो, चिडतो, एसटीच्या पाट्या ओळखतो, पण पैसे मोजता येत नाहीत आणि एकटा राहू शकत नाही.

पहिल्याच सकाळी त्याला थायरॉइडची गोळी द्यायची होती. कुठली? किती? चहाच्या आधी की नंतर? दाराबाहेरून आईला विचारलं, तर तिला खोकल्यानं बोलता येईना. शेवटी तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप केलं, "निळी डबी. अर्धी. उपाशीपोटी." मी एकोणतीस, म्हणजे तेव्हा पंचविशीच्या आतली, एवढी शिकलेली, नोकरी करणारी पोरगी, आणि माझ्या सख्ख्या भावाला रोज सकाळी काय देतात हे मला माहीत नव्हतं. नऊ दिवस असे काढले. बाबा घरी आले, आई बरी झाली. पण त्या नऊ दिवसांत मला एक गोष्ट दिसली ती परत झाकता येईना. आमच्या घरात दादाबद्दलची सगळी माहिती आईच्या डोक्यात होती आणि सगळे कागद बाबांच्या ट्रंकेत. दोघंही एकदम आजारी पडले तर दादा आणि जग यांच्यामध्ये कुणीच नाही.

त्याआधी हा विषय घरात कायम अर्धा निघायचा. आई म्हणायची, "आमच्यानंतर..." आणि कुकर लावायला उठायची. बाबा म्हणायचे, "ही आहे ना." ही म्हणजे मी. संपला विषय.

आणि एक समजून घ्या, आपल्या आई-बाबांची पिढी या प्रश्नाचा सामना करणारी जवळपास पहिलीच आहे. पूर्वी डाउन सिंड्रोम असलेली मुलं फार जगायची नाहीत. हृदयाचे दोष असायचे, त्यावरच्या शस्त्रक्रिया सहज होत नव्हत्या. आता यातले अनेक जण पन्नाशी-साठी गाठतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त त्याचा अर्थ असा, की मूल आई-वडिलांच्या मागं उरणार. आणि आपल्या वहिवाटीत त्याच्यासाठी तयार उत्तर नाही. एकत्र कुटुंब होतं तेव्हा काका-काकू होते. आता टू बीएचके आहे.

बरं, आता आजीच्या पाटल्यांची गोष्ट. ही कळली की बाकीचं सोपं जाईल.

आमची आजी २००५ साली गेली. जायच्या आधी तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि ते पैसे दादाच्या नावानं बँकेत ठेवले. "माझ्या लेकराला कुणापुढं हात पसरायला नको." दादा तेव्हा चौदा वर्षांचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान. पालक म्हणून बाबांची सही. ठेवीची मुदत संपायची, परत नवी व्हायची, कुणी हात लावला नाही. मग दादाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. हो, लहान वयातपण होतो. डाउन सिंड्रोममध्ये त्याचं प्रमाण जास्त असतं. बाबा म्हणाले, आजीचे पैसे त्याच्याचसाठी आहेत, त्यातून करू. गेले बँकेत.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खातेदार सज्ञान झालेत. आता त्यांची सही लागेल."

दादाला घेऊन गेले. दादानं मोठ्या खुशीत एक गोल काढला, त्याच्या खाली दुसरा गोल काढला. दुसऱ्या कागदावर तीन गोल काढले. बँक म्हणाली ही सही जुळत नाही. बाबा चिडले, "अहो, मी बाप आहे त्याचा!" त्यावर तो जे बोलला ते आमच्या घरात अजून सगळ्यांना पाठ आहे. "साहेब, तुम्ही बाप आहात. पालक नाही."

राग येतो ना ऐकून? पण माणूस खरं बोलत होता. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. मूल दिव्यांग असलं तरी राहत नाहीत. ते नव्यानं नेमून घ्यावं लागतं. तोवर आजीचे पैसे दादाच्या *नावावर* होते, पण दादा*साठी* वापरता येत नव्हते. हे दोन शब्द आमच्या घरात त्या दिवशी वेगळे झाले. माझ्या मते सगळी भानगड या दोन शब्दांत आहे. प्रेमापोटी लोक मुलाच्या नावावर फ्लॅट करतात, ठेव करतात, नॉमिनी म्हणून त्याचंच नाव घालतात. त्याच्या नावावर ठेवलेल्या वस्तूला कुलूप लागतं, आणि किल्ली कुणाकडं द्यायची हे आपण ठरवलेलंच नसतं.

ते कुलूप उघडतं कसं, तर १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, नॅशनल ट्रस्ट अ‍ॅक्ट. तो चार प्रकारांसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व. या कायद्याखाली स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. ही समिती अठरा वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आई-वडील अर्ज करू शकतात, नातेवाईक करू शकतात. समितीच्या त्या प्रमाणपत्रावर खातं चालवू द्यावं असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे. शाखेतल्या माणसाला ते माहीत असतंच असं नाही, म्हणून परिपत्रकाची प्रिंट सोबत ठेवा. भांडण्यापेक्षा प्रिंट बरी.

आम्हाला सात महिने लागले. डोळ्याचं ऑपरेशन तोवर मामानं दिलेल्या पैशांवर झालं.

पालक नेमला म्हणजे तो मालक झाला असं नाही बरं का. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्याला दिव्यांग व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची, देण्या-घेण्याची यादी समितीला द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्षानंतर तीन महिन्यांत हिशेब. पालक दुर्लक्ष करतोय, छळ करतोय, पैसे खातोय असं दिसलं, तर नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढायचा अर्ज करू शकतात. प्रत्यक्षात दरवर्षी हिशेब कोण देतं हा वेगळा विषय. आम्हीसुद्धा पहिली दोन वर्षं दिला नव्हता.

ज्यांच्या घरी स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार आहे, त्यांना हा कायदा लागू होत नाही. 'देवराई' सिनेमा पाहिलाय का? अतुल कुलकर्णीचा शेष आणि सोनाली कुलकर्णीची बहीण? तशा घरांसाठी वाट वेगळी आणि जास्त खडतर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे व्यक्तीच्या बरोबरीनं, तिच्याशी बोलून निर्णय घेणारा पालक. त्यासाठी वकील लागेलच. त्यावर वेगळा भाग करायचा विचार आहे, तो विषय घाईत उरकण्यासारखा नाही.

आता पुढची पायरी, मृत्युपत्र. शब्द काढला की आपल्याकडं लोक दचकतात. माझ्या बाबांनी तर "अजून मी आहे" असं म्हणून पेपर तोंडासमोर धरला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आहात म्हणूनच तर."

मृत्युपत्र नसलं तर काय होतं ते बघू. आम्ही हिंदू वारसा कायद्यात येतो. उद्या बाबा गेले, तर त्यांच्या मालमत्तेचे तीन सारखे हिस्से. आई, दादा, मी. दिव्यांग आहे म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. छानच आहे हे. पण त्याचा परिणाम काय, तर आमच्या फ्लॅटचा एक तृतीयांश मालक दादा. उद्या आईला तो विकून लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचं झालं, तर परत गोल-गोल सही.

मग बरेच जण वळसा शोधतात. "नॉमिनी आहे की!" नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक वारसच. शेअर आणि म्युच्युअल फंडाबद्दल तर डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा हेच सांगितलं. "मुखत्यारपत्र करून ठेवू." ते देणारा गेला की मुखत्यारपत्रही संपतं. आणि दादा स्वतः ते देऊ शकत नाही, कारण त्यात काय लिहिलंय हे त्याला समजलं पाहिजे. "मृत्युपत्रातच लिहू, माझ्यानंतर मुलीला पालक नेमा." लिहा, जरूर लिहा, तुमची इच्छा काय होती ते समितीला कळेल. पण सज्ञान मुलाचा पालक मृत्युपत्रानं नेमला जात नाही.

मृत्युपत्र करायला मात्र फारसं काही लागत नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं करून टाका. आम्ही केली. बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आता हे सगळं चालू असताना गावाकडून एक प्रकरण उपटलं. आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर बाबांच्या पिढीची आणि आमची पण नावं लागलेली. नात्यातलेच एक जण हक्कसोड पत्राचा कच्चा कागद घेऊन आले. माझी सही मागितली, ते ठीक. दादाचं काय विचारलं तर म्हणाले, "त्याचा अंगठा चालतो की. त्याला काय कळतंय?"

आई आतून आली. आई कधी मोठ्यानं बोलत नाही. ती म्हणाली, "त्याला कळत नाही, म्हणूनच चालत नाही."

आईनं करार कायदा वाचलेला नाही. पण कायदाही हेच म्हणतो. ज्याला व्यवहार समजत नाही, त्याची संमती ही संमती नव्हे, तसा करार टिकत नाही. ते पाहुणे चहा पिऊन गेले. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला नाही.

मी मात्र त्या रात्री झोपले नाही. कारण त्यांच्या जागी मला मीच दिसत होते. वीस वर्षांनंतरची.

आणि इथं मला आजच्या भागातली सगळ्यात अवघड गोष्ट सांगायची आहे. बाबांची मूळ योजना फार सोपी होती. सगळं माझ्या नावावर. फ्लॅट, ठेवी, सगळं. "ती दादाला टाकणार नाही." आपल्या ओळखीच्या दहा घरांत विचारा, आठ घरांत हीच योजना असेल. चांगल्या भावंडाच्या नावावर सगळं करायचं आणि देवावर हवाला ठेवायचा.

मी बाबांना म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका."

बाबांना लागलं ते. त्यांना वाटलं मी अंग काढून घेतेय. मग मी बसून सांगितलं. मी उद्या मेले तर? माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि मी मृत्युपत्र न करता गेले, तर दादासाठी ठेवलेला फ्लॅट माझ्या नवऱ्याला आणि मुलांना जाईल. ते चांगले असतील, पण दादा त्यांचा कोण? माझा धंदा बुडाला, कर्ज झालं, तर वसुली माझ्या नावावरच्या घरावर येईल. घटस्फोट झाला, तर ते घर भांडणात ओढलं जाईल. यातलं काहीच माझ्या नीयतीवर अवलंबून नाही.

आणि नीयतीचं पण बोलू या. समजा, मृत्युपत्रात लिहिलं की पैसा दादासाठी वापरायचा आणि दादानंतर उरलेलं मला. ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्याचा अर्थ असा की दादावर खर्च न केलेला प्रत्येक रुपया शेवटी माझा. त्याचा दात दुखतोय, रूट कॅनाल करायचा की उपटून टाकायचा? उपटणं स्वस्त. त्याला स्पीच थेरपी हवी का या वयात? नसली तरी चालेल. मी राक्षस नाही. पण महिनाअखेरीला, ईएमआय भरल्यावर, मी कोण असेन हे मला आज सांगता येत नाही. मला त्या जागी बसवू नका, एवढंच माझं म्हणणं होतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग करायचं काय?"

करायचा तो ट्रस्ट. हा शब्द ऐकल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर देवस्थान आलं. पावतीपुस्तक, अध्यक्ष, धर्मादाय आयुक्त. तो सार्वजनिक ट्रस्ट. हा खासगी, कुटुंबाचा. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचा. धर्मादाय आयुक्तांचा याच्याशी संबंध नाही. यात तीन भूमिका असतात. पैसे किंवा घर देणारा, म्हणजे आई-बाबा. ते सांभाळणारे ट्रस्टी. आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो लाभार्थी, दादा. मालमत्ता ट्रस्टींच्या ताब्यात, पण त्यांच्या उपभोगासाठी नाही. घर-जमीन असेल तर दस्त नोंदवावा लागतो. ट्रस्टी मेला तर ट्रस्ट मरत नाही, दुसरा येतो, कसा येतो ते दस्तात लिहिलेलं असतं.

आमच्यात तीन ट्रस्टी ठरले. मी, माझा मामेभाऊ, आणि बाबांच्या ऑफिसातले एक निवृत्त सहकारी, ज्यांचा आमच्या मालमत्तेशी काडीचा संबंध नाही आणि जे हिशेबाला इतके कडक आहेत की बाबा त्यांना घाबरतात. दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत. पालक मी होणार, पण तिजोरी माझ्या एकटीकडं नाही. आणि दादानंतर उरलं तर अर्धं दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला, अर्धं मला. शंभर टक्के संस्थेला करा असं मी म्हणत होते, आई म्हणाली, "तूपण माझंच लेकरू आहेस." तिथं मी वाद घातला नाही.

ट्रस्ट आत्ताच करायचा की मृत्युपत्रातून उभा करायचा, हा प्रश्न सीएला आवर्जून विचारा. दस्त कसा लिहिलाय यावर कराचा दर ठरतो. लाभार्थी कोण आणि त्याचा वाटा किती हे पक्कं नसेल तर ट्रस्टच्या उत्पन्नावर सगळ्यात वरच्या दरानं कर बसू शकतो. आम्ही छोट्या रकमेचा ट्रस्ट आत्ता केला, आणि बाबांच्या मृत्युपत्रात दादाचा हिस्सा थेट त्या ट्रस्टला जाईल असं लिहिलं.

एक सूचना. यूट्यूबवर या विषयावर जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात. माझी न्यू जर्सीची मावसबहीण मला तेच पाठवायची. तिकडं ट्रस्ट करायचं मोठं कारण असं, की दिव्यांग व्यक्तीच्या नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त जमा दिसली तर तिचा सरकारी भत्ता बंद होऊ शकतो. आपलं कारण वेगळं आहे. आपलं कारण त्या गोल-गोल सहीचं आहे. तिकडचे नियम इकडं लावत बसू नका.

आता पटापट काही गोष्टी, लिहून घ्या.

पेन्शन. बाबा पोस्टातून निवृत्त झाले, म्हणजे केंद्र सरकारचे नियम. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळतं, आधी आईला आणि मग त्याला. उत्पन्नाची अट आहे ती बघा. त्याचं नाव पेन्शनरच्या हयातीतच कागदावर चढवून घेता येतं. हे आत्ता करा. नंतर मेडिकल बोर्डापासून सगळं सिद्ध करत बसायचं म्हणजे अंत्यसंस्कारानंतरची दुसरी परीक्षा. खासगी नोकरी असेल तर पीएफच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतसुद्धा कायमच्या आणि पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन आहे. फारच कमी लोकांना हे माहीत असतं.

यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर आधी ते. आमच्याकडं दादाचं जुनं 'मतिमंद' लिहिलेलं पिवळं प्रमाणपत्र होतं, त्यावर आता कुणी बघत नाही. आरोग्य विम्यासाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना बघा, १ लाख रुपयांपर्यंत, थेरपी आणि ओपीडीसकट, आणि आधी तपासणी न करता. संजय गांधी निराधार योजनेत बाबांच्या पेन्शनमुळे आम्ही बसलो नाही. तुम्ही बसत असाल तर तहसील कार्यालयात अर्ज करा.

इन्कम टॅक्स. ज्याला आपण ८० डीडी म्हणत आलो ती वजावट: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला ७५,००० आणि ८० टक्क्यांवर १,२५,००० रुपये. खर्च नेमका किती झाला ते न बघता ठोक. फक्त जुन्या करप्रणालीत. आणि ऐका, ही भावंडालापण घेता येते, भाऊ किंवा बहीण तुमच्यावर अवलंबून असेल तर. अजून एक, अज्ञान मुलाचं व्याज आई-वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण दिव्यांग मुलाचं धरत नाहीत.

तरुण आई-बाबा ऐकत असतील तर त्यांच्यासाठी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. नाव बावळट वाटेल, पण त्याखाली नवऱ्यानं टर्म पॉलिसी घेतली तर ते पैसे बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट होतात, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. बहिणीला भावासाठी मात्र हे वापरता येत नाही. मी विचारून आले.

मग, लागणार किती? आम्ही एक वर्ष दादाचा खर्च वेगळा लिहिला. खाणं, औषधं, दिवसा येणाऱ्या मावशींचा पगार, रिक्षा, डोळे-दात, वाढदिवस. महिन्याला साधारण २२,००० निघाले. महागाई ६ टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे दादा शेहेचाळीस वर्षांचा असेल तेव्हा ४४,०००, अठ्ठावन्नचा होईल तेव्हा ८८,०००. हा आकडा बघून बाबा परत पेपरमागं गेले. पण मग लक्षात आलं की पेन्शन महागाईबरोबर वाढते, ठेव वाढत नाही. म्हणून ते नाव चढवायचं काम सगळ्यात आधी केलं. बाकीची फट किती उरते ते दिसल्यावर माझी एसआयपी किती असावी हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि राहणार कुठं? जमेल तोवर माझ्याकडं. पण 'जमेल तोवर' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पालकांनी एकत्र येऊन उभी केलेली बदलापूरची 'आधार' काहींना माहीत असेल. अशा निवासी संस्था आहेत, चांगल्या आणि वाईट दोन्ही. आम्ही दोन बघून आलो. एकीत जेवणाच्या वेळी गेलो होतो, मुद्दाम, न सांगता. आई परत येताना गाडीत रडली, पण म्हणाली, "वरण चांगलं होतं."

शेवटची गोष्ट कायद्यातली नाही. वही. दोनशे पानी, आईच्या अक्षरात. निळी डबी, अर्धी, उपाशीपोटी, हे पहिल्या पानावर. भाकरी चुरून लागते, पोळी तुकडे करून. कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, तेव्हा हसायचं नाही. डॉक्टर इंजेक्शन देताना डावा हात मागतो. दाढी करून घेताना रेडिओ लागतो. आजी कुठं गेली असं विचारलं तर "गावाला" नाही सांगायचं, "देवाघरी" सांगायचं, नाहीतर पिशवी भरून बसतो. आई अजून लिहितेय. मी फोटो काढून ड्राइव्हवर ठेवते, मामेभावाकडं पण आहे.

ट्रस्टचा दस्त करायच्या आधी आम्ही दादालासुद्धा विचारलं. खरं तर मला आधी सुचलं नव्हतं, वकीलबाईंनी विचारलं, "त्याचं काय म्हणणं आहे?" आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

बाबांनी विचारलं, "तुला कुठं राहायला आवडेल रे?"

"आईजवळ."

"आणि आई नसली तर?"

दादानं विचार केला. त्याचा विचार चेहऱ्यावर दिसतो, कपाळावर आठी येते. मग म्हणाला, "यष्टी स्टँड."

त्याला रविवारी बाबा स्टँडवर नेतात. दोघं बाकावर बसतात, दादा येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या मोठ्यानं सांगतो. महाबळेश्वर. कोरेगाव. मुंबई. तासभर. मग उसाचा रस, बिनबर्फाचा.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे दस्तात कुठं बसवू?"

बाबा म्हणाले, "बसवा कुठंतरी. पण लिहा."

आमच्या दस्तात ते आहे. कलम चौदा. दर रविवारी, लाभार्थीची तब्येत बरी असल्यास, कुणीतरी सोबत जाऊन त्याला एक तास बस स्थानकावर न्यावं. खर्च ट्रस्टमधून.